दहा मसुदे

गेल्या आगमनकाळात रविवारच्या प्रवचनासाठी मी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेऊ लागलो. वेळ वाचेल, ही आशा. झाले विपरीतच! शनिवारी रात्री समोर दहा मसुदे. सारे गुळगुळीत, एकही माझा नाही. ते पारखता पारखता मध्यरात्र उलटे आणि सकाळी वेदीपुढे मी शिणलेला, कोरडा उभा राही. इजिप्तच्या वाळवंटात इ. स. ३९९ मध्ये निवर्तलेल्या एवाग्रियस या तपस्व्याने असाच शीण वर्णिला आहे : दिवस ५० तासांचा भासतो, कुटीत जीव रमत नाही. सेमिनरीत हे वाचताना आम्ही हसलो होतो.

परवा एका दफनविधीच्या आदल्या संध्याकाळी यंत्र मिटले आणि त्या घरी गेलो. आजी आपल्या दिवंगत पतीच्या केळीच्या बागेविषयी तासभर बोलत राहिल्या. मिस्सात मी पाचच वाक्ये बोललो, बहुतेक आजींचीच. शीण जाणवला नाही.