खर्जाची तार

बाबांनी ऐंशी ओलांडली आणि वरचे आवाज एकेक करून जाऊ लागले. वयाबरोबर कान वरच्या टोकाकडून थकत येतो. आधी रातकिडे गेले, मग बोलण्यातले ‘स’ आणि ‘फ’. खालचे आवाज मात्र शाबूत. खमरियाच्या रेंजवर तोफेची चाचणी झाली की तो धमाका ते माझ्याआधी टिपतात. आमच्या खिडक्यांची तावदानं तेव्हा थरथरतात. वस्तीचं नाव कांचघर, तेव्हा काचांनी आधी बोलावं हे ठीकच.

त्यांची तक्रार एकच होती. “गाणं ऐकू येतं रे, पण तंबोरा नाही येत.”

तंबोऱ्याची झळाळी असते जवारीतून उठणाऱ्या वरच्या उपस्वरांत. ती वयानं नेली. आणि खालचा पाया आमच्या स्टीरिओनं कधी दिलाच नव्हता. गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. पाच इंची पडद्याचे माझे छोटे स्पीकर नेमके त्याच सुमारास हात टेकतात. वरचं परत देणं माझ्या हातात नव्हतं, खालचं होतं. म्हणून सबवूफर आणला.

पहिल्या संध्याकाळी शेजारच्यांनी दारातून विचारलं, “भाईसाहब, डीजे ले लिया क्या?” मिरवणुकांनी या डब्याचं नाव पार घालवलं आहे. शिवाय आमची भिंत सामाईक, त्यांच्याकडे तान्हं बाळ, आणि इतक्या लांब लहरी साध्या भिंतीला जुमानत नाहीत. ८० हर्ट्झची एक लहर सव्वाचार मीटर भरते. कानाला तिची दिशा कळत नाही, म्हणून तर एकच डबा पुरतो. पण बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. कोपऱ्यात डबा ठेवला तर डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच सुरात घुमते आणि घिस्सा विरघळून जातो.

यावर एक जुना उपाय आहे. डबा बाबांच्या खुर्चीवर ठेवला आणि मी भिंतीकडेनं रांगत फिरलो. जिथे डग्गा नीट सुटा ऐकू आला, तिथे मग डबा ठेवायचा. बाबा दिवाणावर बसून हसत होते. “पन्नाशीत रांगायला लागलास.” जागा निघाली फडताळाशेजारी, भिंतीच्या मधल्या भागात. फेजचा खटका दोन्हीकडे करून पाहिला, भरीव वाटला तिकडे ठेवला. क्रॉसओव्हर ७०वर. मग आवाज कमी करत गेलो, डबा वाजतोय हे कळेनासं होईपर्यंत. फडताळातल्या पेल्यांची किणकिण थांबली आणि शेजारचंही बोलणं आलं नाही.

अमीर खाँसाहेबांचा दरबारी लावला. खाँसाहेब मंद्रात उतरले तसा बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर सपाट पडला.

“खर्ज आला,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “जवारी नाही.”

मी काही बोललो नाही. साडेनऊला बाळाची झोपायची वेळ, तेव्हा उठून फक्त डबा बंद केला. गाणं चालूच होतं. बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं.