बर्मिंगहॅमची बंदूक-पेठ

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं येणारे प्रवासी बहुधा तेथील कालवे आणि मोठालीं दुकानें पाहून परततात. सेंट चॅड या रोमन कॅथॉलिक पंथाच्या मोठ्या देवळामागें प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट असे कांहीं लहान रस्ते आहेत. तिकडे त्यांचें पाऊल सहसा वळत नाहीं. पुण्यास जशी तांबट आळी, तशी ही बंदुका करणारांची पेठ. एकोणिसाव्या शतकांत येथें नळ्या करणारा निराळा, चाप घांसणारा निराळा, लांकडी दस्ता कोरणारा निराळा. आणि अर्धीमुर्धी झालेली बंदूक एका घरांतून दुसऱ्या घरीं हिंडत हिंडत पुरी होत असे. या शहरच्या हलक्या बंदुका एके काळीं पश्चिम आफ्रिकेंत गुलामांच्या व्यापारांत खपल्या, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. १९६० नंतरच्या दशकांत शहराभोंवतीं वर्तुळमार्ग काढतांना पेठेचा मोठा भाग पाडला गेला. २०११ सालीं नगरसभेनें पेठेच्या नांवांतून ‘बंदूक’ हा शब्दच काढून टाकला होता. लोकांनीं ओरड केली, तेव्हां पुढें जुनें नांव परत आलें. आज कारागीर मोजकेच उरले आहेत.

ज्यांच्या घरीं विळीपलीकडे शस्त्र नाहीं, अशा आमच्यासारख्यांनीं या पेठेंत कशास जावें, असें वाचक विचारतील. जुनी वस्तु नीट करतांना तिचें किती ठेवावें आणि किती बदलावें, हा प्रश्न आम्हांस पोथ्यांच्या बाबतींत नेहमींच पडत आला आहे. तो प्रश्न येथें लोक कसा सोडवितात, हें पाहण्याची आम्हांस इच्छा होती.

प्रथम आम्ही बॅनबरी स्ट्रीटवरील परीक्षागृह बाहेरून पाहिलें. १८१३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तें स्थापिलें. दारावर शस्त्रांचें भव्य शिल्प आहे. नळींत नेहमींपेक्षां जबर बार भरून तो उडवावयाचा, आणि नळी टिकली तर तिजवर मुद्रा ठोकावयाची, हें काम तेथें अद्यापि चालतें. नळीची अशी कडक परीक्षा होते; दस्त्याच्या टोंकाला मात्र कोणाची मुद्रा नाहीं. तें सारें कारागिराच्या विवेकावर सोडलेलें आहे.

या टोंकाचें महत्त्व आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हतें. बार उडाला म्हणजे सुमारें ३२ ग्रॅम छरे सेकंदास सुमारें ४०० मीटर वेगानें पुढें जातात आणि बंदूक मागें येऊन खांद्यावर आदळते. याच शहरचा प्रख्यात बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याचा नियम असा कीं, बंदुकीचें वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावें, म्हणजे धक्का सोसवतो. पण जड बंदूक दिवसभर वागवावी कोणी? तेव्हां दस्त्याच्या टोंकास रबराची गादी लावण्याची युक्ति निघाली. लंडनच्या एस. डब्ल्यू. सिल्व्हर आणि कंपनीची तांबूस गादी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रसिद्धीस आली. ही मंडळी मूळचीं कपडेवालीं. पावसाळी कपड्यांच्या धंद्यांतून तीं रबराकडे वळलीं. १८५२ सालीं टेम्सच्या कांठीं त्यांनीं कारखाना काढला, आणि त्याभोंवतीं वाढलेल्या वस्तीस आजहि सिल्व्हरटाउन म्हणतात. एका दुकानदाराचें नांव गांवास पडावें, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटली.

परंतु रबर हा झाडाचा चीक. गुडइयरनें १८३९ सालीं गंधकाबरोबर तापवून तो टिकाऊ करण्याची रीत शोधली खरी, तथापि त्याचें वार्धक्य कांहीं टळलें नाहीं. हवेनें आणि उजेडानें तो कडक होतो, त्यास भेगा पडतात. कधीं उलट चिकट होऊन बोटांस लागतो. त्यांत आणखी एक दैवदुर्विलास असा: पोलादास जें तेल अमृत, तेंच रबरास विष. बंदूक गादीवर उभी करून ठेविली म्हणजे गादी दबते आणि वरचें तेल झिरपत खालीं उतरतें. म्हणून जाणते लोक तिला नळी खालीं करून ठेवतात.

आम्ही ज्या वृद्ध कारागिराच्या खोलींत बसलों होतों, तेथें शेतकरी घराण्यांतील एक मध्यमवयीन बाई वडिलांची बंदूक घेऊन आल्या. परवाना त्यांनीं आधींच दाखविला. वडील वारले होते; पिकावर पडणाऱ्या कबुतरांसाठीं बंदूक आतां त्यांनाच चालवावयाची होती. गादीच्या मधोमध भेग गेली होती आणि खालचा कोपरा भुकटी होऊन गळत होता. तरीहि बाई म्हणाल्या, “ही गादी बदलूं नका. बाबांचा खांदा हिच्यावर चाळीस वर्षें टेकला आहे.”

कारागिरानें तें नीट ऐकून घेतलें. “भिंतीवर टांगावयाची असेल तर आहे तशी सांभाळून देईन. बार उडवावयाचा असेल तर ही गादी पहिल्याच आठवड्यांत तुकडे होईल,” असें त्यानें स्पष्ट सांगितलें. नवी, तशाच तांबूस रंगाची गादी मिळते. ती दस्त्याबरोबर घांसतांना लांकडास कानस लागूं नये म्हणून वर पट्टी चिकटवितात. पण खरी भीति निराळीच. नवी गादी जाड असली कीं उतावळे लोक तिला जागा करण्यासाठीं दस्ताच कापतात. दोन बोटें लांकूड एकदां गेलें म्हणजे तें पुनः येत नाहीं. नवा तुकडा जोडतां येतो, पण अक्रोडाच्या रेषा जुळत नाहींत.

आम्हांस येथें अग्निपुराणांतील जीर्णोद्धाराचें प्रकरण आठवलें. अगदीं जीर्ण मूर्ति काढून तिच्या जागीं नवी बसवितांना ती त्याच मापाची व त्याच द्रव्याची असावी, असा तेथें दंडक आहे. म्हणजे शास्त्रकारांनीं बदलण्यास मुळींच मनाई केली नाहीं. माप मात्र बदलूं दिलें नाहीं. आमच्याकडे पोथीचें नवें बासन शिवतांना पानांच्या कडा कातरणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. त्यांना या खोलींत एक दिवस बसवावें.

कारागिरानें गादींतील रबराची दोन बुचें हलकेच काढलीं, आंतील स्क्रू फिरविले, आणि गादी सुटली. खालीं पाहतों तों दस्त्याचें मूळ टोंक जसेंच्या तसें! त्यावर हातानें कोरलेल्या बारीक चौकड्या, आणि दोन भोंकें. बाईंचे वडील उंच होते. बंदूक त्यांना आंखूड पडे, म्हणून कोणा अज्ञात कारागिरानें लांकडास धक्का न लावतां गादीचीच बैठक टोंकाच्या किंचित् बांकास जुळवून घेतली होती. कोणीं केलें, केव्हां केलें, याची कोठेंहि नोंद नाहीं. वृद्ध कारागीर तें बराच वेळ पाहत राहिला.

मग त्यानें बाईंस बंदूक खांद्याशीं लावावयास सांगितलें. गादीसह ती सव्वापंधरा इंच होती, गादीवांचून चौदा इंच आणि तीन अष्टमांश. त्यांच्या हाताला ती आतां बरोबर बसली. २८ ग्रॅम छऱ्यांचीं हलकीं काडतुसें वापरा, म्हणजे गादीवांचूनहि भागेल, असें त्यानें सांगितलें. बाईंनीं त्या चौकड्यांवरून दोनदां बोट फिरविलें व विचारलें, “हें त्यांना ठाऊक असेल?” तो म्हणाला, “असेलच असें नाहीं.”

भोंकें अक्रोडाच्या खुंट्यांनीं बुजविण्याचें ठरलें. गादी त्यानें पातळ कागदांत गुंडाळून एका पुठ्ठ्याच्या डब्यांत ठेविली; दोन्ही स्क्रू निराळ्या पाकिटांत घातले आणि पाकिटावर बंदुकीचा क्रमांक लिहून तेंहि डब्यांत टाकलें.