कोपनहेगन येथील मोकळा दिवस

आमच्या लहानपणीं काशीयात्रेहून परत आलेलीं वडील माणसें घाटांपेक्षां पंड्यांच्याच गोष्टी अधिक सांगत. कोठें उतरावें, स्नान कोणत्या घाटीं करावें, दक्षिणा किती ठेवावी, हें सर्व पंड्यानें ठरवावयाचें आणि यात्रेकरूनें त्याच्या मागून चालावयाचें. आज युरोपच्या सहलीस निघालेल्या गृहस्थाची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. पंड्याच्या जागीं हातांत लहानसें निशाण धरणारा सहल-व्यवस्थापक आला, एवढाच काय तो फरक. गेल्या जून महिन्यांत आम्ही, आमची गृहिणी व दहा वर्षांचा नातू असे तिघे स्कँडिनेव्हियाच्या सहलीस गेलों होतों. आम्हीहि त्या निशाणामागून निमूटपणें चाललों, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत आम्हांस सुखच वाटलें. पस्तीस वर्षें शाळेंत दुसऱ्यांसाठीं वेळापत्रकें आखल्यावर कोणी आपणांसाठीं तें आखून दिलें तर कोणास नको वाटेल?

परंतु या वेळापत्रकांत एक तास रिकामा होता. 'कोपनहेगन, दुसरा दिवस : मोकळा' एवढेच शब्द कार्यक्रमपत्रिकेंत छापलेले होते. कांहीं सहप्रवासी यावर कुरकुरले. पैसे घेऊन दिवस रिकामा कां ठेवला, असें त्यांचें म्हणणें. त्याचें कारण व्यवस्थापकानें समजावून दिलें. युरोपांत बसच्या चालकास साडेचार तास गाडी हांकल्यावर पाऊण तास थांबावेंच लागतें, आणि ठराविक दिवसांनीं दीर्घ विश्रांति घ्यावीच लागते. ती घेतली कीं नाहीं याची नोंद गाडींतलें यंत्रच ठेवीत असतें. तेव्हां चालकाचा विश्रांतीचा दिवस तोच प्रवाशांचा मोकळा दिवस. नियम आम्हांस फार आवडला. ज्याच्या हातीं चाळीस जीव आहेत त्याची झोंप कायद्यानें सांभाळावी, हें योग्यच होय.

या मोकळ्या दिवसाचें काय करावयाचें, हें आम्हीं पुण्याहून निघण्यापूर्वींच मनाशीं ठरविलेलें होतें. डेन्मार्क हा देश लहान. पण संस्कृताच्या अभ्यासकावर त्याचें ऋण मोठें आहे. रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित १८२० च्या सुमारास इराणमार्गें मुंबईस आला, तेथून पुढें सिंहलद्वीपास गेला, आणि अवेस्ता व पाली भाषेंतील हस्तलिखितें घेऊन १८२३ सालीं स्वदेशीं परतला. वेस्टरगार्ड यानें संस्कृत धातूंचा मोठा संग्रह १८४१ सालीं प्रसिद्ध केला. फाउसबॉल यानें १८५५ सालीं धम्मपद संपादिलें. महाभारतांतील विशेषनामांची जी प्रचंड सूची अभ्यासक अद्याप हाताळतात, ती सोरेन्सेन या डॅनिश पंडिताचीच. तिचें प्रकाशन १९०४ सालीं सुरू झालें, पण तें पाहावयास तो जिवंत राहिला नाहीं. त्या सूचीचीं पानें उलटतांना आमच्या आयुष्यांतील किती संध्याकाळीं गेल्या असतील, याचा हिशेब नाहीं. तेव्हां कोपनहेगनच्या राजग्रंथालयाची पायरी तरी चढावयाची, असा आमचा संकल्प होता.

नातवाचा संकल्प निराळा होता. त्याला 'तिवोली' पाहावयाची होती. ही एक क्रीडावाटिका असून शहराच्या ऐन मध्यभागीं, मुख्य रेल्वे-स्टेशनच्या समोर आहे. तिचीं चित्रें त्यानें फोनवर इतक्या वेळां पाहिलीं होतीं, कीं कोणता पाळणा कोठें आहे हें त्यास तोंडपाठ होतें. आम्हीं त्यास म्हटलें, "पाळणे काय, आपल्याकडेहि असतात." तो गप्प राहिला.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे. या मुलाचा बाप, म्हणजे आमचा चिरंजीव, चौथींत असतांना गांवच्या जत्रेंत मोठा आकाशपाळणा आला होता. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर होती. आम्हीं त्यास जाऊं दिलें नाहीं. पुढच्या वर्षीं जा, असें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. शिष्यवृत्ति मिळाली, आणि आपला निर्णय बरोबर ठरला असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों. पुढच्या वर्षीं पाळणा पुन्हां आला. पण तो विचारावयास आला नाहीं. या वेळीं विमानतळावर निरोप देतांना तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "बाबा, कोपनहेगनला त्याला पाळण्यांत बसवा. वेळ झाला तर." हे शेवटचे तीन शब्द आमच्याबरोबर मुंबईपासून आले होते.

आदल्या रात्रीं आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों, तेव्हां गृहिणी म्हणाली, "पुस्तकें तुम्हीं जन्मभर पाहिलींत. पोर दहा वर्षांचें एकदांच असतें. पण दोन्ही होत असेल तर पाहा." आम्हीं वेळापत्रक आखावयास घेतलें, आणि दोन्ही होईल असें दिसूं लागलें. ग्रंथालय सकाळीं लौकर उघडतें. तिवोली अकरा वाजतां उघडते व रात्रीं उशिरापर्यंत चालते. दोहोंमधलें अंतर पायीं पंधरा-वीस मिनिटांचें. अडचण एकच होती. तिवोलीची खरी शोभा दिवे लागल्यावर; आणि जून महिन्यांत त्या देशीं सूर्य मावळावयास रात्रीचे दहा वाजतात. सहलीचें जेवण मात्र शहराच्या दुसऱ्या टोकास सात वाजतां. तेव्हां जेवणावर पाणी सोडून आपल्या जबाबदारीवर मुक्कामीं परतूं, असें व्यवस्थापकास लेखी कळविलें. आमचें विश्रामगृह स्टेशनजवळच होतें, म्हणून हें साधलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां बस निघावयाची होती. ती कोणासाठीं थांबणार नव्हती.

सकाळीं नऊच्या आधींच आम्ही ग्रंथालयापाशीं पोहोंचलों. १९९९ सालीं बांधलेली त्याची नवी इमारत काळ्या पाषाणाची असून पाण्याच्या कांठीं किंचित् तिरपी उभी आहे. तिला 'काळा हिरा' म्हणतात. तिच्या मागें १९०६ सालची जुनी इमारत आहे. आंत गेल्यावर एका सौजन्यशील बाईनीं सांगितलें, कीं हस्तलिखितें पाहावयाचीं तर आधीं मागणी नोंदवावी लागते. आमचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "छापील सूची आणवून देतां येईल; पण थोडें थांबावें लागेल." ती सूची वेस्टरगार्डनेंच १८४६ सालीं केलेली. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें : सव्वादहा वाजले होते. थांबलों तर बारा वाजणार, आणि एकदां तें पुस्तक हातीं आलें म्हणजे बाराचे दोन होणार, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. नातू खिडकीशीं उभा राहून पाण्यांतल्या होड्या पाहत होता. त्यानें आमच्याकडे एकदां वळून पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याचा बापहि त्या वेळीं कांहीं बोलला नव्हता.

आम्हीं बाईंचे आभार मानले व निघालों. दारांतून वळून त्या वास्तूस नमस्कार केला. गृहिणीनें तो पाहिला, पण तिनें कांहीं विचारलें नाहीं.

अकराच्या ठोक्यास आम्ही तिवोलीच्या दारांत होतों. येथें वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. प्रवेशाचें तिकीट निराळें व पाळण्यांचें निराळें असतें. दोन-चार पाळण्यांतच बसावयाचें असेल तर सुटीं तिकिटें घ्यावींत. लहान मूल बरोबर असेल तर दिवसभराची परवानगी घेणें बरें, म्हणजे प्रत्येक वेळीं खिशांत हात घालून मुलाच्या आनंदाची किंमत मोजावी लागत नाहीं. हा बाग बारमाही उघडा नसतो. तेव्हां तारखा आधीं पाहून घ्याव्या.

तिवोली १५ ऑगस्ट १८४३ रोजीं उघडली. गेऑर्ग कार्स्टेन्सेन या गृहस्थानें ती काढली. लोक करमणुकींत असले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहींत, असें सांगून त्यानें आठव्या ख्रिश्चन राजाची परवानगी मिळविली, अशी आख्यायिका आहे. जागा तेव्हां तटाबाहेरची होती. आज आंत जें रम्य तळें दिसतें तो जुन्या खंदकाचाच उरलेला भाग आहे. ज्या खंदकानें शत्रूस अडवावयाचें, त्यांत आतां बदकें पोहतात! पहिल्याच वर्षीं हान्स ख्रिश्चन अँडरसन येथें आला आणि चीनच्या बादशहाची व बुलबुलासारख्या गाणाऱ्या पक्ष्याची आपली प्रसिद्ध कथा त्यानें त्याच सुमारास लिहावयास घेतली. १८७४ सालचें चिनी धर्तीचें मूकनाट्यगृह अद्याप उभें आहे. त्याचा पडदा वर जात नाहीं. मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरलेला तो पडदा मिटतो, तेव्हां रंगभूमि दिसते. आमच्या गृहिणीस दिवसभरांत सर्वांत अधिक आवडलें तें हेंच. अमेरिकेचा वॉल्ट डिस्ने १९५१ सालीं हें उद्यान पाहून गेला व १९५५ सालीं त्यानें आपलें स्वतःचें उघडलें.

दुसऱ्या महायुद्धांत, जून १९४४ मध्यें, जर्मनांच्या डॅनिश हस्तकांनीं येथें स्फोट घडवून आणले व संगीतगृह जाळून टाकलें. लोकांचें मनोधैर्य खचावें हा हेतु. थोड्याच आठवड्यांत तिवोली पुन्हां उघडली. हें वाचून आम्ही थांबलों. पाळण्यांच्या बागेवर शत्रूनें घाव घालावा, याचा अर्थ ती बाग नुसती पोरखेळाची जागा नव्हे, हें शत्रूसहि कळलें होतें. आम्हां शिक्षकास तें कळावयास इतकीं वर्षें लागलीं.

तेथें १९१४ सालापासून चालू असलेली लाकडी डोंगरगाडी आहे. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसाल ना माझ्याबरोबर?" गृहिणीनें आमचा चष्मा काढून आपल्या पिशवींत ठेवला, तेंच उत्तर समजून आम्ही बसलों. या गाडींत एक मनुष्य डब्यांमध्यें बसून हातानें ब्रेक ओढीत असतो. उतारावर गाडी सुटली कीं तो मागें रेलतो. वळण आलें कीं दांडा ओढतो. आम्ही भीतीनें नातवाचा हात धरला होता. नातवाची समजूत अशी, कीं आम्हीं त्याला धीर द्यावयास तो धरला. खालीं उतरल्यावर त्या ब्रेकवाल्याकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. आमचाहि जन्म ब्रेक ओढण्यांतच गेला. पण हा गृहस्थ गाडी सुखरूप खालीं जावी म्हणून ब्रेक ओढतो. ती निघूंच नये म्हणून नव्हे.

दुपारीं तळ्याकांठच्या बाकावर बसून घरचा चिवडा, लाडू व तेथलीं फळें खाल्लीं. पांच वाजतां आम्ही आकाशपाळण्यांत बसलों. हा १९४३ सालचा, शताब्दीच्या वर्षींचा. त्याचे झोपाळे विमानाच्या जुन्या फुग्यांसारखे आहेत. आजच्या मानानें तो ठेंगणाच. तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले. चिरंजीव घरीं आलेला असणार. नातवानें फोन लावला आणि त्यास वरून सर्व बाग दाखविली. मग फोन आमच्याकडे दिला. चिरंजीवानें विचारलें, "बाबा, वर गेल्यावर भीति वाटली?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं. त्या वर्षीं तुला बसवावयास हवें होतें."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "फोन नीट धरा, बाबा, खालीं पडेल." त्याचा आवाज मात्र हंसरा होता.

रात्रीं दहानंतर अंधार पडूं लागला आणि झाडांतून, छपरांच्या कडांवरून, तळ्याच्या कांठानें दिवे उजळले. त्रिपुरी पौर्णिमेस नदीच्या घाटावर दिवे सोडावे तशी शोभा दिसत होती. नातू तोंवर बाकावर गृहिणीच्या मांडीवर झोंपी गेला होता. ज्या दिव्यांसाठीं जेवण सोडलें ते त्यानें पाहिलेच नाहींत. आम्हीं दोघांनीं पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारांत आम्ही दोघें असें कांहीं न करतां बसलों असूं, असें आठवत नाहीं.

सकाळीं आठला बस निघाली. थोड्याच वेळांत २००० सालीं झालेल्या, जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या पुलावरून आम्ही समुद्र ओलांडून स्वीडनमध्यें शिरलों. सहप्रवासी आपापल्या खरेदीचे हिशेब सांगत होते. आम्हांस कोणीं विचारलें, "मास्तर, तुमचें ग्रंथालय पाहून झालें?" आम्हीं सांगितलें, "दारापर्यंत."

वेस्टरगार्डची सूची पाहावयाची राहिली आहे. ग्रंथालयास पत्र लिहून मागणी नोंदविण्याचा आमचा विचार आहे. पुन्हां जाण्याचा योग आला तर या खेपेस चिरंजीवासहि बरोबर न्यावें, म्हणतों. आणि सकाळ ग्रंथालयाची ठेवली, तरी अकरा वाजतां मात्र उठावयाचें.