'स्न'चं नाक आणि 'चि'ची चिकाटी

आज वीकेंडला जरा शब्दांविषयी.

स्नीझ म्हणजे शिंकणं. स्नोअर म्हणजे घोरणं. स्निफ म्हणजे हुंगणं आणि स्नॉट म्हणजे चक्क शेंबूड! इंग्लिशमधले 'स्न'ने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाशीच येऊन थांबतात. स्निअर म्हणजे नाक मुरडणं आणि स्नूटी म्हणजे नाक वर करून चालणारा. म्हणजे आपलीच गोष्ट की :)

हे आठवायचं कारण आमच्या टीममधला एक ज्युनिअर. पोरगा परभणीकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कोड झकास लिहितो, पण क्लायंट कॉलवर कायम म्यूट. हिंजवडीच्या बसमध्ये रोज इंग्लिश शब्दांची यादी पाठ करतो. परवा वैतागून म्हणाला, "दादा, पहिली अक्षरं सारखी असली की सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. मराठीत असं कधी होत नाही."

मी म्हटलं, चिकट, चिखल, चिवट, चिकाटी... त्याने लगेच पुढे चालू केलं : चिकचिक, चिपडं, चिघळणं आणि हातून पैसा न सुटणारा चिक्कू! मग ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट या चमकणाऱ्या शब्दांसमोर त्याने आपणहून झगमग, झळाळी, झगझगीत मांडले.

हे खूळ जुनं आहे बरं का. अनंताचं चिन्ह आपल्याला देणारा गणिती जॉन वॉलिस, त्याने १६५३ सालच्या आपल्या इंग्लिश व्याकरणात असेच गट पाडले होते. स्ट्राँग, स्ट्राइक, स्ट्रेच या 'स्ट्र'वाल्यांत त्याला जोर दिसला. पुढे १९३० च्या सुमारास जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने अशा अक्षरगटांना फोनेस्थीम हे नाव दिलं. त्याआधी हे फर्थसाहेब लाहोरला शिकवत होते.

अर्थात हा काही नियम नव्हे. स्नो आणि स्नेकचा नाकाशी संबंध नाही, आणि आपली चिमणी तरी कुठे चिकट असते? पण मराठीत तयार झालेला कान इंग्लिशमध्येही उपयोगी पडतो, हे त्या पोराला पटलं. आपण रिकाम्या हाताने आलेलो नाही, हेही.

तरी तो म्यूट का असतो, हे मला माहीत आहे. मागे एका कॉलवर तो 'डिटरमाइन' म्हणाला आणि आपल्याच दोघा-तिघांनी दाबून हसून घेतलं. त्याला इंग्लिशमध्ये स्निगर म्हणतात. पुन्हा 'स्न'च!

यादीतले सगळे शब्द पाठ केले तरी या हसण्यावर त्याच्याकडे उपाय नाही. तो आपल्याकडे आहे. सोमवारच्या कॉलला कुणी उच्चारात अडखळलं, तर तेवढं ऐकून घ्या आणि मुद्द्यावर बोला. बास.