गुंतवळ

आम्हा सख्ख्या-चुलत-आते बहिणींपैकी जी कोणी पहिल्या बाळंतपणाला वाईच्या वाड्यात येई, तिच्या पोटाकडे आई-काकू बघत आणि शेपट्याकडे मोठी आजी. दिवेलागणीनंतर केसांना फणी लावायची नाही हा घरातला नियम, त्यामुळे तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी, मागच्या पडवीत. वेणी सोडायची, शेपट्याचं टोक उजेडात धरायचं, बोटावर पसरून बघायचं. "केवढे फाटे फुटलेत गं! सासरी कितव्या पंगतीला जेवतेस?"

तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे. 1967-68 पासून पुढची दहा-बारा वर्षं आमच्यापैकी कोणी ना कोणी त्या पडवीत बसलेली असे, आणि प्रत्येकीची कहाणी जवळपास एकच. पहिले तीन महिने उलट्या, पोटात काही ठरत नाही. नंतर भूक लागते, पण पुरुषांची, मुलांची, सासूबाईंची पानं झाल्यावर पातेल्यात उरेल ते आपलं. न्हायला वेळ नाही, तेल लावायला कोणी नाही. धाकट्या चुलत बहिणीचे केस वेणीच्या पेडातून उसवल्यासारखे बाहेर येत, फणीत अर्धेमुर्धे तुकडे अडकत. ते गळत नव्हते, मधूनच तुटत होते. मोठी आजी तो तुकडा चिमटीत धरून म्हणायची, "मुळासकट आला तर जाऊ दे. हा तुटलाय."

मोठी आजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. कळायला लागायच्या आत लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेली. आम्ही तिला पाहिलं ते आलवणात, कपाळापर्यंत पदर ओढलेली. आमच्या लहानपणीसुद्धा न्हावी मागच्या दारानं यायचा आणि आम्हा पोरींना तेवढा वेळ पुढच्या अंगणात पिटाळलं जाई. बाबांनी मोठेपणी तिला हे सोड म्हणून पुष्कळ विनवलं. तिनं मान हलवली आणि चालूच ठेवलं. घरातल्या साऱ्या बायका-मुलींचे केस तिच्या हातून जात. फणी टोकापासून सुरू करून वर वर न्यायची, मुळापासून खाली ओढायची नाही, हे तिनंच आम्हाला शिकवलं. गुंता सुटला नाही तर ती पाच-पाच मिनिटं एका बटेशी बसे, पण हिसका द्यायची नाही. तिच्या स्वतःच्या केसांबद्दल आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. आता आम्हा सगळ्यांना ते विचारायला हवं होतं असं वाटतं.

शिकेकाई तिच्या देखरेखीखाली व्हायची. शिकेकाईच्या शेंगा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा, संत्र्याची वाळवलेली साल, मूठभर मेथ्या, थोडा रिठा. सगळं गच्चीवर वाळवून कुटायचं, आणि कुटताना वाडाभर शिंका. पोटुशी मुलगी घरात असली की रिठा जवळजवळ वगळायचा, त्यानं केस राठ होतात म्हणून. आदल्या रात्री खोबरेल. थंडीत ते डब्यात थिजायचं, मग वाटीत काढून बंबाच्या कडेला ठेवायचं. सकाळी न्हाणीघरात पाठ टेकायला पाट, आणि शिकेकाईचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून आजीचा हात कपाळाशी आडवा.

त्या खोबरेलाबद्दल नंतर वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. 2003 साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल अशी तुलना केली. केसाच्या आत शिरून त्यातली प्रथिनं धुऊन जाण्यापासून वाचवतं ते खोबरेल, असं त्यांना आढळलं. कंपनी खोबरेलच विकणारी, हे ध्यानात ठेवायला हवं. पण न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायची रीत अगदी याच कामाची आहे.

सगळंच काही बरोबर नव्हतं. न्हाऊन झालं की केस पुढे घेऊन वाकायचं आणि आई कोरड्या पंचानं फटाफटा झटकायची. पाणी उडायचं, ऊन त्या तुषारांत चमकायचं, आम्हाला ते फार आवडे. पण ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो, त्या फटक्यांनी तो तुटतो. वर आधीच्या वर्षांचा हिशेब होताच. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कंबरेपर्यंतच्या शेपट्याचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वीचं. शाळेतल्या घट्ट वेण्या, लाल फितीची करकचून मारलेली गाठ, मॅट्रिकच्या वर्षातलं कपडे धुण्याच्या साबणानं न्हाणं, सगळं त्या टोकात होतं. दोष मात्र गरोदरपणाला लागला. खरं तर त्या महिन्यांत अंगातल्या संप्रेरकांमुळे केस एरवीपेक्षा कमी गळतात, पुष्कळ जणींचा अंबाडा भरदार होतो. डोहाळजेवणाला फुलांची वाडी घालायला काकूंना तो बरा मिळे. बाळ हसायला लागलं की आईचे केस झडतात, असं आजी म्हणायची. मुलं साधारण दुसऱ्या महिन्यात हसायला लागतात, आणि थांबून राहिलेले केस बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास एकदम गळतात. वर्षभरात बहुतेक परत येतात. तिनं हे किती जणींच्या डोक्यांवर पाहिलं असेल!

तिचं आणि शास्त्रीकाकांचं एक बोलणं सगळ्यांना आठवतं. सातव्या महिन्यात ताईला फार जळजळ व्हायची. आजी म्हणाली, बाळाला जावळ भरपूर असणार. काका प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. त्यांनी सांगितलं की चरकसंहितेतही हे आहे, गर्भाला केस येताना आईला जळजळ होते असं बायका म्हणतात, पण आत्रेयांना ते मान्य नाही. आजी म्हणाली, "बायका म्हणतात तेवढं लिहून ठेवलं ना, पुष्कळ झालं." ताईच्या मुलाला खांद्यापर्यंत जावळ होतं. पुढे 2006 साली अमेरिकेत बाल्टिमोरला 64 गरोदर बायकांची पाहणी झाली. जास्त जळजळ झालेल्यांची बाळं जास्त केसांची निघाली. तो कागद आजीला वाचून दाखवता आला असता तर!

कात्रीचा प्रसंग ताईच्या त्याच सातव्या महिन्यातला. पोटुशीनं केस कापायचे नाहीत, ग्रहणात सुरीला हात लावायचा नाही. धर्मशास्त्र तर गर्भिणीच्या नवऱ्यालाही क्षौर नको म्हणतं. पण फाटलेला केस पुन्हा सांधत नाही. तेलानं तो झाकला जातो, आणि चीर हळूहळू वर चढते. ताईच्या शेपट्याचं टोक झाडूसारखं झालं होतं, रोज गुंता, रोज रडणं. मोठ्या आजीनं शिलाई मशीनच्या खणातून कात्री मागवली. काकू आडव्या आल्या, पहिलंच आहे, उगीच विषाची परीक्षा कशाला म्हणाल्या. आजीनं आवाज चढवला नाही. "माझे दर महिन्याला काढले. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. हिची चार बोटं टोकं काढायला घाबरता?" काकू आत निघून गेल्या. आजीनं टोक सरळ कापलं, ते गुंतवळात गुंडाळलं आणि परसात पुरायला दिलं. एरवीचं गुंतवळ कोनाड्यात साठायचं आणि केसांवर सुया-पिना-फुगे देणारी बाई आली की तिला जायचं. पोटुशीचं घराबाहेर जात नसे. त्यानंतर जी जी बहीण आली तिची टोकं कापली गेली, आणि काकूंच्या सुनेची तर काकूंनी स्वतः.

डोहाळजेवणाला मात्र मोठी आजी पुढच्या खोलीत नसे. ओटी नाही, कुंकू नाही, वाडी घालायला तिचा हात नाही. ज्या केसांना तिनं महिनाभर जपलं, त्यांत सवाष्णी भराभर आकडे खोचत, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआडून बघे. आम्ही तेव्हा ते तसंच असायचं म्हणून धरलं. आज आमच्यापैकी एकीलाही ते आठवून चैन पडत नाही, आणि लेकी-सुनांना हे आम्ही मुद्दाम सांगतो. सगळ्या पांगल्यावर आकडे काढायला तिलाच बोलावत.

यंदा ताईची नात पुण्यात पहिलटकरीण आहे. केस तुटतात म्हणाली, तेव्हा आम्हा बहिणींच्या गटात सूचनांचा पाऊस पडला. रक्त आणि थायरॉईड तपासून घे, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नको, लिंबू-सरबताबरोबर घे, भाजी लोखंडी कढईत कर, केस पंचानं टिपून घे. टोकं तिनं आधीच कापून घेतली होती. अडलं ते फक्त तेलावर. ताई म्हणते आजी खोबरेलात माका आणि जास्वंद उकळायची. धाकटी ठामपणे म्हणते मेंदीचा पाला आणि ब्राह्मी. मला दोघींचं थोडं थोडं आठवतं. येत्या रविवारी ताईकडे दोन्ही तेलं करायची ठरली आहेत, वासावरून कळेलच. माका मी आणणार आहे.