बारा पत्रकं, एक लिफाफा

पॅरिसमधल्या एका प्राथमिक शाळेच्या भिंतीलगत पत्र्याचे बारा फलक ओळीनं उभे होते. सगळे एकाच मापाचे. एप्रिल २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले बारा उमेदवार त्यांवर झळकत होते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला, त्यामुळे पहिला मान नाताली आर्तो या अर्थशास्त्राच्या शिक्षिकेचा. खुद्द सत्तेवर असलेले इमॅन्युएल मॅक्रॉन तिसरे, आणि त्यांच्या शेजारी चौथा पिरिनीजच्या डोंगरातल्या मेंढपाळाचा मुलगा, जाँ लासाल. नागपूरच्या धरमपेठेत झेंडा चौकापासून लक्ष्मीभुवनापर्यंत फ्लेक्सच्या आकारावरून उमेदवाराचं बळ जोखणारे आपण! या समानतेपुढे मी थक्क होऊन उभा राहिलो.

माझ्या पुतण्यानं मग एकेक नियम सांगितला. उभं राहायला देशभरातल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्याही किमान ३० जिल्ह्यांतल्या. निवडणूक दोन फेऱ्यांची, दुसरीत पहिले दोघेच उरतात. त्या वर्षी पहिल्या फेरीचा खर्च सुमारे १ कोटी ६९ लाख युरोंच्या आत ठेवायचा होता. आणि प्रत्येक मतदाराच्या घरी सरकारतर्फे एक जाड लिफाफा येतो, त्यात प्रत्येक उमेदवाराचं चार पानी पत्रक आणि त्याच्या नावाची मतपत्रिका.

पुतण्याच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका आजींनी तो लिफाफा जेवणाच्या टेबलावर उघडला. आपल्याकडे मुलीसाठी आलेली स्थळं पाहावीत तशी त्यांनी पत्रकं मांडली. एका कागदावर तीन रकाने: निवृत्तीचं वय, अणुवीज, युरोप. मॅक्रॉन निवृत्तीचं वय ६२ वरून ६५ करू म्हणत होते, तर डावे उमेदवार मेलाँशाँ ६० वर आणू म्हणत होते. पण मेलाँशाँना अणुवीज नको होती आणि आजींना ती हवी होती. कम्युनिस्ट उमेदवार फाबियँ रूसेल अणुविजेच्या बाजूचे, पण ते निवडून येण्याची शक्यता नव्हती. आजी पुन्हा पहिल्या पत्रकाकडे वळत. कोण जिंकेल, हा प्रश्न त्यांनी सर्वांत शेवटी विचारात घेतला.

“काका, इथं म्हणतात, पहिल्या फेरीत आवडता निवडायचा, दुसऱ्या फेरीत नावडता बाद करायचा,” पुतण्या म्हणाला. आजींनी मात्र २००२ ची आठवण काढली. तेव्हा १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं विखुरली आणि समाजवादी जोस्पॅं दोन लाखांहूनही कमी मतांनी मागे पडून पहिल्याच फेरीत बाद झाले. दुसऱ्या फेरीत तेव्हाचे उजवे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्यासमोर अतिउजवे जाँ-मारी ल पेन उरले. शिराक ८२ टक्के मतांनी जिंकले, पण कितीतरी डाव्यांना तेव्हा मन मारून त्यांना मत द्यावं लागलं. म्हणून पहिल्या फेरीतही मन आणि हिशेब दोन्ही लागतात, असं आजींचं ठाम मत होतं.

१० एप्रिलच्या रविवारी मी त्यांच्यासोबत शाळेत गेलो. त्यांनी टेबलावरून एकाहून अधिक मतपत्रिका उचलल्या. एकच उचलली तर गुप्तता राहत नाही. पडद्याआड जाऊन एक पत्रिका लिफाफ्यात घातली, तो पारदर्शक पेटीत टाकला. ‘मतदान झालं!’ असा मोठ्यानं पुकारा झाला आणि त्यांनी यादीवर सही केली. बोटाला शाई नाही. रात्री आठला केंद्र बंद झालं आणि तिथेच मोजणी सुरू झाली. मोजणारे सामान्य मतदार. एक लिफाफा उघडी, दुसरा नाव वाची, दोघे नोंद करत. दाराशी उभ्या लोकांना प्रत्येक नाव ऐकू येत होतं.

मॅक्रॉन २७.८५ टक्के, जाँ-मारी यांची मुलगी मारीन ल पेन २३.१५, मेलाँशाँ २१.९५. रूसेल यांना आठ लाखांवर मतं पडली. मेलाँशाँ मात्र ल पेनपेक्षा जेमतेम सव्वाचार लाखांनी मागे राहिले. दोन आठवडे आजींना पुन्हा नव्यानं तोलावं लागलं. २० एप्रिलला उरलेल्या दोन्ही उमेदवारांचा जवळपास तीन तासांचा वाद त्यांनी टीव्हीवर पूर्ण पाहिला. २४ तारखेला मॅक्रॉन ५८.५५ टक्क्यांनी जिंकले. तीस लाखांवर मतं कोरी किंवा बाद निघाली.

पहिल्या फेरीत सुमारे ७४ टक्के मतदान झालं, आणि फ्रान्समध्ये त्याबद्दल काळजी व्यक्त झाली. १९ एप्रिल २०२४ ला नागपूर लोकसभेसाठी आपण ५४ टक्क्यांच्या आसपास होतो. आपल्याकडे घरी पत्रकांचा लिफाफा येत नाही, हे खरं. पण प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात त्याची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले लिहिलेले असतात. पानठेल्यावर हवा कोणाची ते जरूर बोला. पण पुढच्या निवडणुकीत मतदानाला जाण्याआधी आपल्या मतदारसंघातली ती शपथपत्रं घरच्या टेबलावर एकदा समोरासमोर ठेवून वाचा, आणि मग मत द्यायला नक्की जा.