बागेतील रेल्वे आणि तिचा आवाज

पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी मुला-नातवंडांसह पाहिले असेल. १९९८ साली खुले झालेल्या या संग्रहालयातील गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या आहेत. त्या छताखालीच शोभतात. उघड्या बागेत, मातीत आणि उन्हात धावणाऱ्या गाड्या बऱ्याच मोठ्या असतात. जर्मनीतील लेमान या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने १९६८ साली त्या बाजारात आणल्या. प्रमाण एकास साडेबावीस आणि रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर. एक मीटरला साडेबावीसने भागले की जवळजवळ हाच आकडा येतो. म्हणजे बागेतील ही गाडी मुळात मीटरगेजची गाडी आहे, आणि पुणे-मिरज मार्ग रुंद होण्यापूर्वी भिलवडी, ताकारी, मसूर, रहिमतपूर या स्थानकांवरून मीटरगेजच धावत असे.

हा हिशेब मला माझ्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, तोंडी करून दाखविला. अण्णा साताऱ्यास राहतात. काचबिंदूमुळे गेली काही वर्षे त्यांना दिसत नाही. अमेरिकेतील पुतणीने तेथील एका वृद्ध छांदिष्टाकडून वाफेचे इंजिन, चार डबे आणि पितळी रूळ मिळवून त्यांच्यासाठी पाठविले, ते इंजिनाच्या पोटात ध्वनिपट्टी आहे म्हणून. गाडी दिसणार नव्हती. ऐकू यावी एवढीच अपेक्षा होती. बागेत तीस मीटरचे वर्तुळ मांडून झाले आणि मी सांगलीहून मुक्कामास गेलो.

पहिली अडचण पेटीतच होती. सोबतच्या ट्रान्सफॉर्मरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे छापलेले होते. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो थेट जोडला असता तर क्षणात जळाला असता. मध्ये दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर बसवावा असे एकाने सुचविले. परंतु त्याने दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही, आणि साठसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर अधिक तापतो. जन्मभर कर्जाची कागदपत्रे तळटीपांसह वाचण्याची सवय असल्यामुळे मी तो बाजूस ठेवला. त्याऐवजी १०० ते २४० व्होल्ट चालणारा, २४ व्होल्ट व ५ अँपिअर देणारा पुरवठा घेतला. इंजिन आणि दिव्यांचे डबे मिळून दोन अँपिअरही घेत नाहीत, पण हात राखून असलेला बरा.

वेग कमी-जास्त करण्यासाठी स्थानिक कारागिराकडून एक नियंत्रक आणला. गाडी उत्तम धावली. आवाज मात्र रेडिओच्या खरखरीसारखा. असे नियंत्रक दाब कमी करीत नाहीत. पूर्ण दाबाचे तुकडे सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतात. मोटारीला त्याची सरासरी पुरते, पण ध्वनिपट्टीला प्रत्येक तुकडा टोचतो. गुळगुळीत एकदिश दाब देणारा नियंत्रक बसविताच खरखर थांबली. वीज गेली असताना घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर चालवून पाहिले, तेव्हा थोडी गुणगुण आली. त्याची तरंगाकृती चौकोनी आहे. ते सोडून दिले.

आता खरा पेच उरला. या जुन्या पद्धतीत रुळांतील दाब हाच वेग. गाडी पाच व्होल्टला हलते, ध्वनिपट्टी सातला जागी होते. म्हणजे स्थानकात गाडी मुकी, निघतानाही मुकी, आणि वेग घेतल्यावर एकाएकी भकभक. अण्णांच्या दृष्टीने स्थानक नाहीसेच झाले. त्यांना ऐकायचे होते ते उभ्या इंजिनाचे सुस्कारे आणि सुटतानाचे पहिले चार जड ठोके. कॉलेजला जाताना फलाटावर तेच ऐकत उभे राहत, असे ते म्हणाले.

कायम एकाच दाबावर चालणारी आधुनिक अंकीय यंत्रणा हा राजमार्ग खरा, परंतु त्यासाठी इंजिनात नवे मंडल बसवावे लागते. न बदलता जुने इंजिन त्या रुळांवर ठेवले तर मोटार उभ्या जागी गुणगुणत तापते. मी स्वस्त उपाय केला. मोटार ही आधी घेऊन जाणारी धनको होती. तिला रांगेत मागे उभे केले. मोटारीच्या तारेत तीन अँपिअरचे चार डायोड ओळीने आणि चार उलट दिशेने जोडले. उलट दिशेचे यासाठी, की गाडी मागे नेताना रुळांतील धन-ऋण बदलतात. प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. चारांचे २.८ झाले. ध्वनिपट्टीला सातला सात मिळतात, मोटार ७.८ पर्यंत हलत नाही. मधल्या फटीत गाडी उभी राहून श्वास घेते. पट्टीतील ९ व्होल्टची मृत बॅटरीही बदलली, त्यामुळे रुळावरील धुळीने आवाज तुटेनासा झाला.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घंटा कशाला वाजते रे? आपल्या इंजिनाला कुठं घंटा होती?" ती अमेरिकन रीत. रुळांमध्ये ठेवलेल्या चुंबकाच्या एका बाजूने घंटा वाजते, दुसऱ्या बाजूने शिट्टी. चुंबक फिरविला.

पावसाळ्यात मातीवर मुंग्या व किडे फार होतात, म्हणून चातुर्मासात गाडी बंद ठेवली होती. त्यानंतर पुन्हा सुरू केली तेव्हा अण्णा म्हणाले, "पेरूच्या झाडापाशी दम टाकते." मला फरक कळला नाही. गाडी धावत असताना मल्टिमीटर लावला: स्थानकाजवळ १२ व्होल्ट, पेरूपाशी ९. पितळी सांध्यांवर गंज चढला होता. सांधे घासले आणि अडीच चौरस मिलिमीटरची दुसरी जोडतार थेट पेरूपर्यंत नेली. आता तेथे साडेअकरा मिळतात. उरलेला अर्धा व्होल्टही त्यांना ऐकू येतो, पण तेवढे चालेल म्हणाले.